मागची डावी बाजू

चौलच्या वाडीतली वीज गेली तेव्हा चांगदेवआजोबा ओट्यावर सुपारी कातरत होते. नेत्रा आणि हितेश त्यांच्याजवळ सरकले.

"भुताची नको हं," नेत्रा म्हणाली.

"भुताची न्हाय, गाडीची सांगतो. आपल्या गणराजची. थळच्या रस्त्याला गॅरेज हाय ना त्याचं, तोच." आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला.

मार्गशीर्षातली सोमवती अवस होती. दुपारी किहीमचे रावजी आपली जुनी, उंच डिझेल गाडी घेऊन गणराजकडे आले.

"गण्या, गाडीचा दम गेला रे. पाय दिला की आधी नुसती गप्प. मग बैल उधळल्यागत सुटते."

"म्हातारी झाली, काका. हाक मारल्यावर तुम्ही तरी लगेच कुठं उठता?"

रावजी हसले नाहीत. त्यांची बायको नीराबाई आजारी होती. आठवड्यातून तीनदा ते तिला डायलिसिससाठी अलिबागला नेत. शनिवारी नाक्यावर वळताना गाडी अशीच गप्प झाली आणि समोरून टँकर आला. टँकरवाल्याने ब्रेक दाबला म्हणून दोघं वाचली.

"उद्या सकाळी परत न्यायचंय तिला. आजच्या आज कर."

"करतो. काकींना सांगा, काळजी करू नका."

निघताना रावजी वळले. "चिंचेच्या मोरीवर तर हमखास करते. ठमाबाई उभी राहायची ना तिथं... गाडीला सवय लागली असंल."

ठमाबाई गणराजच्याही ओळखीची होती. सुकटीची पाटी घेऊन ओढ्यावरच्या त्या मोरीवर उभी राहायची आणि रावजी तिला बाजारापर्यंत सोडायचे. फार भिडस्त बाई. दार उघडून दिलं तरी पदर सावरत बाहेरच थांबायची. कुणी तोंडाने "बस" म्हटल्याशिवाय बसायची नाही. मग मागे, डाव्या बाजूला, खिडकीशी अंग चोरून बसायची. गेल्या श्रावणात गाडीची वाट बघता बघता ती त्याच मोरीवर कोसळली, ती पुन्हा उठली नाही.

गणराज कामाला लागला. गाडीचा टर्बो इंजिनात दाबून हवा भरतो. ती हवा वाटेत गळली की गाडी उशिरा उचलते. त्याने पोऱ्याला आत बसवलं, पाइपांवर साबणाचं पाणी सोडलं आणि ओरडला, "दे... दे... दे... बस!" पोऱ्याने पाय काढला. त्याची ही रोजची पद्धत. इंजिनाकडे जाणाऱ्या जाड पाइपाखाली बुडबुडे आले. चीर होती. त्याने पाइप बदलला. टर्बोची कांडी काजळीने जाम झाली होती, तीही साफ केली. हवेचा दाब दिसावा म्हणून एक मीटर जोडून समोर ठेवला.

दिवे लागल्यावर तो एकटाच गाडी चालवून बघायला आणि तशीच रावजींकडे पोचवायला निघाला.

गाडी सुरेख पळत होती. पाय दिला की काटा झरकन वर. किहीमच्या वळणापर्यंत एकदाही अडली नाही. गणराज शीळ घालत होता.

चिंचेची मोरी आली.

त्याने पाय दिला. काटा हलला नाही. गाडी मंदावत गेली... जवळजवळ थांबलीच. समुद्राकडून वारा नव्हता. चिंचेचं पानही हलत नव्हतं.

अजून कुठे गळतंय, त्याने विचार केला. नजर काट्यावर ठेवून त्याने पाय हळूहळू दाबला. काटा जागचा हलला. आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं,

"दे... दे... दे..."

काटा पुऱ्या दाबाच्या खुणेला टेकला.

"बस."

मागे चाकावरचा पाटा करकरला.

गाडी मागून दबली. डावीकडून. कुणी जपून बसावं, तशी.

गणराजने आरशात पाहिलं नाही. सुकटीचा वास येत होता. पाय तसाच दाबलेला... आणि गाडी सुटली. क्षणाचाही उशीर न करता.

आजोबा थांबले. मग पुढे सांगू लागले.

रावजींच्या दारात गणराज उतरला आणि बॅटरी घेऊन मागे वाकला. टायरात हवा ठीक होती. पाटे शाबूत होते. उजव्या चाकाच्या वर, चाक आणि पत्र्याच्या मधल्या फटीत, त्याची मूठ सहज आत गेली. डावीकडे जाईना; ती बाजू अजून दबलेलीच होती.

रावजींनी एक फेरी मारली आणि खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप दिली. "दम आला रे!"

ओट्यावरून नीराबाईंनी विचारलं, "झाली का रे बरी, गणराज?"

सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काय सांगणार? आणि सकाळी त्यांना न्यायचं कशातून?

"झाली, काकी," तो म्हणाला.

पुढचं त्याला रावजींनीच सांगितलं, दिवस उरकल्यावर. सकाळी नीराबाईंनी नेहमीसारखं मागचं डावं दार उघडलं. उघडलं, आणि थांबल्या. मग दार हळूच लावून पलीकडे गेल्या आणि उजवीकडे बसल्या.

"काय गं?" रावजींनी विचारलं.

"इकडं जागा न्हाय."

आजारात बोलतं माणूस काहीबाही. रावजींनी मनावर घेतलं नाही. गाडी लोण्यासारखी चालली. नाका आला, गाडी झटकन वळली. नीराबाई मागे हळू आवाजात बोलत होत्या. मग... गप्प झाल्या. झोपली असेल, असं रावजींना वाटलं. दवाखान्याच्या दारात त्यांनी मागचं दार उघडलं, तेव्हा...

"आजोबा, पुरे," हितेश म्हणाला.

"गणराजही आता पुरेच म्हणतो. पोऱ्याला 'बस' म्हणून सांगत न्हाय."

नीराबाईंचे दिवस उरकून हे सांगायला आलेले रावजी गाडी तिथेच विकायला ठेवून पायीच घरी गेले. गॅरेजमध्ये गणराज आणि ती रिकामी गाडी उरली. तो मागे गेला. डाव्या चाकाच्या वर मूठ घालू पाहिली. जाईना. ते त्याला ठाऊकच होतं.

मग तो उजवीकडे आला. खाली वाकला. मूठ आत घालून बघितली.

तिथेही गेली नाही.