जो दारामागे आहे त्याला

"चहाचं सामान बांधून घ्या," असं फवाजसाहेबांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, "किती माणसांचं?"

"सगळ्या ऑफिसचं, उम्म लुलवा. आपण ओमानला चाललोय. शुक्रवार-शनिवार. सगळ्यांची एकी वाढवायला."

"एकी वाढवायची तर पगार वाढवा," मी म्हटलं. "त्यासाठी विमान कशाला पाहिजे?"

ते हसले. माझ्या तोंडाचा पट्टा त्यांना सवयीचा आहे. मनामा शहरातल्या त्यांच्या ऑफिसात मी चहा करते, फरशी पुसते. माझी लेक लुलवा, जिच्यावरून मला सगळे उम्म लुलवा, म्हणजे लुलवाची आई म्हणतात, तिथंच हिशेबाच्या टेबलावर बसते. तिच्या बापाला समुद्रानं नेलं तेव्हा ती रांगतही नव्हती. मला तिच्याशिवाय कुणी नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे केलं ते वेडेपणाचं वाटणार नाही. आणि वाटलं तर वाटू दे.

तर या वेळचा खेळ होता जुन्या गावातलं लग्न. अर्धे जण मुलीकडचे, अर्धे मुलाकडचे. ज्यांची गाणी, जेवण, सजावट चांगली, ते जिंकले. नवरी कोण, याची चिठ्ठी विमानातच काढली. लुलवाचं नाव निघालं. पोरगी लाजून लाल झाली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. तिला नटलेली बघायला मिळणार होती.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. मातीची दुमजली घरं, सगळी ओस. माणसं केव्हाच खाली सिमेंटच्या घरांत राहायला गेलेली. किल्ल्या एका म्हातारीकडे होत्या, तिचं नाव ज़ुवैना. आमचं जेवणही तिच्याच घरून यायचं. तिनं आम्हाला सगळ्यांत मोठं घर उघडून दिलं आणि बाहेरच उभी राहिली.

"आत या की, कहवा घ्या," मी म्हटलं.

"दुपार कलली की मी या घरात येत नाही," ती म्हणाली.

बैठकीच्या खोलीला दोन दारं होती. एक अंगणात जाणारं. दुसरं बुटकं, खजुराच्या कोठीचं. पूर्वी त्या कोठीत खजुराची पोती एकावर एक रचत, आणि दाबानं सुटलेला पाक जमिनीतल्या पन्हळीतून वाहत येऊन रांजणात पडे. आता पोती नव्हती, रांजण फुटलेला, पन्हळी कोरड्या, धुळीनं भरलेल्या. वास मात्र होता. गोड, जुना, आंबूस. इतक्या वर्षांचा वास राहतो का, असं मनात आलं. मग मी दार लोटून घेतलं आणि चुलीकडे गेले.

दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली आणि खेळ सुरू झाला. फवाजसाहेब कापसाची दाढी लावून काझी झाले. नवरा झाला होता अदनान, विक्रीवरचा पोरगा, पण ते लुलवाला ठाऊक नव्हतं. अदनाननं मागच्या गल्लीतून कोठीत शिरायचं, बुटक्या दाराआड उभं राहायचं, फक्त 'कबूल' म्हणायचं. लुलवानं आवाजावरून नवरा ओळखायचा. असा तो खेळ.

"काय म्हणायचं मी?" लुलवानं विचारलं. हिरव्या ओढणीत ती इतकी गोड दिसत होती.

"म्हण, दारामागे जो आहे त्याला मी स्वतःला दिलं."

मी तिथंच ट्रे खाली ठेवला. "साहेब, नाव घ्या, नाहीतर हे म्हणूच नका. थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. तीन गोष्टी थट्टेत म्हटल्या तरी खऱ्या होतात. लग्न, तलाक, आणि सोडलेलीला परत घेणं."

"अहो सासूबाई, नाव घेतलं तर ओळखायचं काय?" सगळे खो-खो हसले. "आतापासूनच जावयाला छळायला लागली बघा!"

लुलवाही हसत होती. हसत-हसतच म्हणाली, "दारामागे जो आहे त्याला मी स्वतःला दिलं."

मग आतून आवाज आला, "कबूल."

तोंडात घास असल्यासारखा आवाज होता. टाळ्या पडल्या. दाराखालच्या फटीतून एक खजूर सरकत बाहेर आला, ओला, चकचकीत. "मेहर आला, मेहर!" कुणी ओरडलं. लुलवानं तो उचलला, तोंडात टाकला आणि बोटं चाटली.

"ओळख आता!"

"अदनान," ती म्हणाली. "असा खाताना तोच बोलतो."

तेवढ्यात अंगणाच्या दारातून अदनान धापा टाकत आत आला. कपड्यांना माती, कपाळावर घाम. "अरे, मागे दार कुठंय? नुसती भिंत आहे! सगळी गल्ली पालथी घातली मी... काय? माझ्याशिवायच लग्न लावलंत?"

पुन्हा हशा. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी गंमत केली. मी एकेकाचं तोंड बघत होते. सगळे खोलीत होते, मी धरून सगळे.

मी बुटकं दार उघडलं. कोठी रिकामी होती. मागचं दार केव्हाचं दगडांनी बुजवलेलं. पन्हळीतली धूळ मात्र ओली झाली होती. मी बोट लावलं तर पाकाची तार निघाली.

जेवायला बसलो तेव्हा लुलवा ताटाला हात लावीना.

"हरीस आवडतो ना तुला? खा."

"ते जेवले नाहीत अजून, यम्मा."

"ते कोण?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी निर्लज्जपणाचं विचारलं होतं. मग ओढणी पुढे ओढून घेतली.

मी तिला कुशीत घेऊन झोपले, तिचं मनगट माझ्या मुठीत धरून. पहाटे फजरच्या अजानला जाग आली तेव्हा माझ्या मुठीत नुसती ओढणी होती. कोठीचं दार बंद होतं. आतून कडी नव्हती, ते मी आदल्या दिवशीच पाहिलं होतं. तरी ते दार माझ्यानं हलेना. मी धडका दिल्या, शिव्या दिल्या, मग पाया पडले. उजाडल्यावर दार आपोआप उघडलं आणि लुलवा बाहेर आली. केस नीट विंचरलेले. तळपायांना पाक लागलेला, चालताना चिक-चिक वाजत होता.

"लुलवा... आत काय होतं?"

"अंधार होता," ती म्हणाली. "सवय होईल."

सकाळी बस आली. लुलवा उंबऱ्याशी येऊन थांबली. मी ओढलं, अदनाननं ओढलं, तिचे पाय जमिनीत रोवल्यासारखे. रडत नव्हती, ओरडत नव्हती.

"परवानगी नाही," एवढंच म्हणाली.

फवाजसाहेबांना वाटलं, ऊन लागलं. डॉक्टर आणायला ते बस घेऊनच निज़वा शहराला गेले. बाकीचे खाली गावात सावलीला बसले. मी ज़ुवैनाचं घर गाठलं. ती भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिची बोटं थांबली.

"नाव घेतलं होतं का?"

"नाही."

"खाल्लं का तिनं?"

"खाल्लं."

"आणि रात्री... दार बंद होतं?"

मी मान हलवली. तिनं भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "आमची माणसं गाव सोडून उगाच नाही गेली, बाई. ते घर त्या कोठीतल्याचं आहे. पण तो शब्दाचा पक्का आहे. त्याच्याकडून तलाक घे. मांत्रिक आणू नकोस, त्यांना तो मोजत नाही. तूच जा. तू आई आहेस, तुझा हक्क आहे. भरदुपारी, झुहरच्या वेळेला जा, तेव्हा तो जागा होतो."

भर दुपारी मी त्या घरात गेले. उन्हानं भिंती पांढऱ्या झाल्या होत्या, कुठं चिमणीसुद्धा नव्हती. लुलवा उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. मी बुटक्या दारातून वाकून आत शिरले. दार माझ्यामागे लागलं. काळोख झाला. वास इतका दाट की घशाखाली उतरेना. पन्हळीतून पाक वाहत होता, मला ऐकू येत होता. थेंब... थेंब... पण रांजण तर फुटलेला होता. मग तो कशात पडत होता?

"जावई म्हणवतोस," मी म्हणाले, "तर सासूला बस तरी म्हण."

थेंबच पडत राहिले.

"बरं, नको म्हणू. मी उभ्यानंच बोलते. बायको करतोस तर तिला घर पाहिजे. हे घर आहे? तिला ऊन लागतं, भात लागतो, मासा लागतो. रात्री दिवा लागतो तिला, अजून अंधाराला भिते ती. खजुरावर बायको पोसतोस, मुडद्या? पोराबाळांना काय घालशील, धूळ?"

समोर काहीतरी हललं. अंधारात अंधारच हलावा तसं. माझ्या चेहऱ्यावर गोड, गरम श्वास आला. मला मुतायला झालं, लाजत नाही सांगायला. पण लुलवाचे ते चिकट तळपाय डोळ्यांपुढून जाईनात. हात जोडून काही होणार नाही, हे मला कळलं होतं. पहाटे जोडून झाले होते.

मग मला आठवलं. तीन गोष्टी.

मी हसले. कसं हसले ते माझं मला माहीत. "तुला बोलता तरी येतं का रे? पोपटाला एक शब्द शिकवावा तसं 'कबूल' तेवढं पाठ करून घेतलंय कुणीतरी. दुसरा शब्द येतो? अदनानसुद्धा तुझ्यापेक्षा बरं बोलतो, आणि तो घास भरून बोलतो! 'तलाक' म्हणून दाखव बघू. नाही येणार. जीभच चिकटलीय तुझी टाळूला. जन्मभर पाक खाल्ल्यावर दुसरं काय व्हायचं?"

आणि तो हसला.

तो हसला तसं छतावरून मातीची ढेकळं पडली. त्या हसण्यातच, घास घोळवत, तो म्हणाला, "तलाक दिला."

पन्हळ थांबली. दार उघडं होतं. बाहेर लुलवा हमसून-हमसून रडत होती, "यम्मा, भूक लागली... यम्मा, मी कुठंय?" मी तिला उचललं, वाढलेल्या पोरीला उचललं, आणि उंबऱ्याबाहेर नेलं.

निघताना ज़ुवैना बसच्या खिडकीशी आली. "किती वेळा म्हणाला?"

"एकदा."

"मग इद्दत संपेपर्यंत जप," ती म्हणाली. "तीन पाळ्या. तोवर तो एका शब्दानं परत घेऊ शकतो. तेही थट्टेतलं चालतं."

मनामाला आल्यावर मी काझीकडे गेले. म्हटलं, पक्का तलाक लिहून द्या. त्यांनी नवऱ्याचं नाव विचारलं. मी तशीच उठून आले. घरातले खजूर फेकून दिले. लुलवाला दारामागे उभं राहू देत नव्हते, दार बंद करू देत नव्हते. ऑफिसात सगळ्यांना बजावलं, ते लग्न विसरा, तिला नवरी म्हणू नका. "सासूबाई अजून रुसल्यात," अदनान म्हणायचा. पण पोरगं वाईट नव्हतं, त्यानं ऐकलं.

एक पाळी झाली. दुसरी झाली. लुलवा पुन्हा हसायला लागली, मासा मागून खायला लागली. तिसरी आज येईल, उद्या येईल, म्हणून मी सकाळी तिच्या तोंडाकडे बघायची.

त्याच दिवसांत फवाजसाहेबांनी त्या सहलीचं बक्षीस वाटायचं ठरवलं. माझं ऐकून त्यांनी फोटोसुद्धा लावले नाहीत, नुसता केक आणि मुलीकडच्यांना एक ढाल. मी भटारखान्यात चहा गाळत होते. बाहेर टाळ्या वाजल्या, लुलवाचं नाव पुकारलं, ती ढाल घ्यायला उठली असणार. आणि भटारखान्याच्या बंद दारापलीकडून कुणीतरी, तोंडात घास भरून, मोठ्यानं म्हणालं,

"परत घेतली!"

सगळे हसले. ऑफिस दणाणून गेलं.

"हा मेला अदनान!" मी गाळणी आपटली. "जीभ हासडते त्याची."

"काय झालं, खाला?" अदनाननं विचारलं. तो माझ्या शेजारी उभा होता, कप लावलेला ट्रे हातात घेऊन.

मी धावले. धावता येईना. सकाळी मी स्वतः पुसलेल्या फरशीला माझी चप्पल चिकटत होती. लुलवा खुर्चीत बसली होती. तिनं ओढणी पुढे ओढून घेतली होती.

तिसरी पाळी आलीच नाही.

आता ती कामाला जात नाही. घरातच असते, धान्याच्या खोलीच्या दाराशी. दिवा लावला तर विझवते. रोज भरदुपारी मी त्या खोलीत शिरते, दार लावून घेते आणि तोंड सोडते. मला येतात तेवढे टोमणे मारते, येतात तेवढ्या शिव्या देते. विनोद सांगते. नकला करते. शेजारणी म्हणतात उम्म लुलवाला वेड लागलं. म्हणू देत. एकदा हसवला होता, पुन्हा हसवीन. पण तो शिकलाय. नुसता ऐकत असतो. त्याचा श्वास माझ्या तोंडाला लागतो.

काल मी अशीच बोलत होते. घसा बसला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्याला भांग खाल्लेला उंट म्हणत होते. आणि अंधारात हसू फुटलं. माझा जीव कानांत आला. बोल, मेल्या... आता बोल... एकदा म्हण...

पण हसू त्याचं नव्हतं. ते लुलवाचं होतं. ती लहान असताना पोटाला गुदगुल्या केल्या की हसायची, अगदी तसं, खोलीच्या आतल्या कोपऱ्यातून येत होतं.

मी मागे हात करून दार ढकललं. उजेड आला. लुलवा उंबऱ्याबाहेर बसली होती, ओठ मिटून, एक हात पोटावर ठेवून, माझ्याकडे बघत.