अकरा सेकंदांची कबुली

वहिनींनी ती क्लिप पुन्हा लावली, तेव्हा भावोजींना राहवलं नाही.

"वहिनी, आवाज तिचाच आहे हो. खोटं बोलले असं तीच म्हणतेय. आता यात शोधायचं काय राहिलं?"

वहिनींनी क्लिप परत सुरुवातीला नेली. खासगी तपासाचं त्यांचं ऑफिस दीड खोलीचं, आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यातली बरी खुर्ची या धाकट्या दिराने अडवलेली. एका गाजलेल्या नटाविरुद्ध तक्रार झाली, तेव्हा याच भावोजींनी सोसायटीच्या ग्रुपवर 'भर चौकात फटके द्या' असं लिहिलं होतं. काल क्लिप आली, तर 'मी म्हणतच होतो, हल्लीच्या मुली!' असं लिहून तीही पुढे ढकलली. दोन्ही वेळा शाबासकीच्या अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला होता.

आणि ती हल्लीची मुलगी आत्ता समोर बसली होती. परक्या भाषेतल्या मालिकांना आवाज देणं हे तिचं काम. नट मेकअपच्या खोलीत दार लावून अंगचटीला आला, असं तिने कलाकार संघाच्या समितीला लिहून दिलं होतं. सुनावणी आज चारला. पण क्लिप आल्यामुळे तिला न ऐकताच तक्रार निकालात काढायची, असं जवळजवळ ठरलं होतं.

"मी हे कुणाशी कधी बोललेच नाही पण आवाज माझाच आहे आणि आता आईसुद्धा विचारतेय की खरं सांग तू नक्की काय केलंस," ती एका दमात म्हणाली. भावोजी चष्मा पुसू लागले.

क्लिप होती अकरा सेकंदांची. सुरुवातीला तीन बारीक टुंग. मग रडवेला आवाज: "मी खोटं बोलले. त्यांनी मला..." इथे चांगलाच लांब थांबा. "...हातही लावला नव्हता. मला माफ करा."

आधी गाठला नटाचा सेक्रेटरी. त्याचं म्हणणं, मुलीने त्यालाच फोन करून कबुली दिली, त्याने ती रेकॉर्ड केली, आणि टुंग म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झाल्याची खूण. फोन दाखवा म्हटल्यावर त्याला वकील आठवले. भावोजींना माणूस सज्जन वाटला. त्यांना इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रत्येक माणूस सज्जन वाटतो, त्याला कोण काय करणार!

मग डबिंगचा स्टुडिओ. रेकॉर्डिस्ट वैतागलेलाच होता. सगळे त्याच्यावरच संशय घेत होते, कारण मुलीच्या आवाजाच्या फाइली त्याच्या ताब्यात. त्याने एक फाइल ऐकवली. आवाज धुतल्यासारखा स्वच्छ. "बोलायच्या आधीचे इशारेसुद्धा फक्त हेडफोनमध्ये वाजतात, फाइलीत येत नाहीत," तो म्हणाला. मग त्याने कलाकारांच्या नावाने बोटं मोडली. ही मुलगी काम उत्तम करते, पण हेडफोनचा एक कान कायम उघडा ठेवते. तिची मैत्रीण हातातला फोन सोडत नाही. सासू-सुनेच्या प्रसंगांना दोघींना एकत्र उभं करावं लागतं, तेव्हा तर डोक्याला ताप.

निघताना वहिनींनी त्याला एक काम सांगितलं. मुलीने आवाज दिलेल्या, पण अजून न दाखवलेल्या भागांमध्ये बोलता बोलता मधेच थांबणारी बाई शोधायची. तो बघतच राहिला. भावोजीही.

मैत्रीण कॅन्टीनमध्ये भेटली. तिने डोळ्यांना रुमाल लावला. नटाच्या नव्या सिनेमात नायिकेचा आवाज तिला मिळाला होता, तो आधी मुलीचा ठरला होता. त्यात माझा काय दोष, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. वर हेही म्हणाली, की मुलीचं रेकॉर्डिंग चालू असताना मी आजवर आत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.

साडेतीनला वहिनींनी सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. समितीच्या अध्यक्षबाई घड्याळ बघतच आल्या.

"भावोजी, ही मुलगी बोलताना कधी थांबते का?"

भावोजींनी आठवून पाहिलं. "छे, श्वास कधी घेते कोण जाणे."

"मग क्लिपमध्ये का थांबली? कारण थांबणारी ती नव्हतीच."

रेकॉर्डिस्टने पडद्यावर परक्या मालिकेतला एक प्रसंग लावला, आवाज बंद ठेवून, आणि त्यावर क्लिप सोडली. पडद्यावरची सून सासूसमोर उभी होती. 'त्यांनी मला' म्हणाली, ओठांना पेला लावला, घोट गिळला, आणि 'हातही लावला नव्हता' म्हणाली. ओठ आणि शब्द तंतोतंत जुळले. मुलीने तोंडावर हात दाबला. दिवसाला शेकडो वाक्यं बोलणाऱ्या तिला हे वाक्य आठवतही नव्हतं.

"तीन टुंग म्हणजे बोलायचा इशारा," वहिनी म्हणाल्या. "तो फाइलीत येत नाही, म्हणजे क्लिप फाइलीतून गेली नाही, रेकॉर्डिस्ट सुटला. हेडफोनचा एक कान उघडा असतो, तिथून टुंग बाहेर येतात. ते टिपायला फोन तिच्या शेजारी हवा. शेजारी उभी असते मैत्रीण, हातात फोन घेऊन, आणि तीच म्हणते की मी आत पाऊल टाकलेलं नाही. का, ते नव्या सिनेमाने सांगितलं."

मैत्रिणीने सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीने छताकडे.

"त्याने मागितलं म्हणून दिलं," ती पुटपुटली. "एवढं पसरेल असं वाटलं नव्हतं."

"म्हणजे नट नालायकच!" भावोजींचे अंगठे फोनवर चालूही झाले होते. वहिनींनी फोन काढून घेतला.

"अहो, किती वेळा कोलांट्या मारणार? क्लिप खोटी, एवढंच कळलं. खोलीत काय झालं ते समिती दोघांनाही विचारेल. मला विचाराल तर ती खरं बोलतेय. पण माझ्या वाटण्यावर निकाल लागत नाही, आणि तुमच्या तर नाहीच नाही. महिनाभर सगळं गाव तिच्याबद्दल बोलतंय. तिला कुणी बोलू दिलंय का?"

अध्यक्षबाईंनी घड्याळ बघणं थांबवलं. "चला," त्या मुलीला म्हणाल्या.

संघाचं कार्यालय वरच्याच मजल्यावर होतं. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर भावोजींनी फोन परत मागून घेतला आणि बराच वेळ खाडाखोड करून ग्रुपवर लिहिलं: 'मी पाठवलेली क्लिप बनावट होती. ती पुढे पाठवली, माझं चुकलं. बाकी मला काही माहीत नाही.'

पंधरा जणांनी वाचलं. अंगठा एकाचाही आला नाही. तळमजल्यावरच्या काकांनी तेवढं विचारलं, 'मग दोषी कोण, ते सांगा ना.'

भावोजींनी उत्तर लिहायला घेतलं, आणि पुसलं. दाराआडून मुलीचा आवाज येत होता. ती कुठेही थांबत नव्हती.