वाचवलेला तास

मुलांचा डॉक्टर तिला पहिल्यांदा भेटला तो इस्पितळाच्या जिन्यात. हातातले कागद पायऱ्या-पायऱ्यांवर सांडलेले आणि वीस मिनिटांत व्याख्यान. तिने कागद गोळा केले, त्याला आपल्या टेबलाशी बसवलं आणि भराभर स्लाइड्स करून दिल्या. इस्पितळात तिची नोकरीच स्लाइड्स करण्याची होती.

मग तो दर बुधवारी दुपारी येऊ लागला. टिपणं नेहमी उलटसुलट. शेजारी स्टूल ओढून बसायचा, अक्षर लागत नाही म्हणून ती चिडली की गालात हसायचा. तापाच्या आलेखाला कोणता रंग द्यायचा, यावर दोघांची अर्धा-अर्धा तास हुज्जत चालायची… त्या दिवशी घरी गेल्यावर आई म्हणायची, आज स्वारी खुशीत दिसतेय.

पण तो तास कामातच सरायचा. बोलायचं ते राहूनच जायचं. म्हणून महिनाभर खटपट करून तिने एआयच्या मदतीने एक सॉफ्टवेअर बसवलं. टिपणांचा फोटो पाठवायचा, पाच मिनिटांत स्लाइड्स तयार. वाचलेल्या तासात त्याच्याबरोबर कॉफीला जायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

पुढच्या बुधवारी तिने त्याला ते दाखवलं.

"आता तुम्हाला इथे यायची गरजच नाही," ती म्हणाली. पुढचं वाक्य अगदी ओठांवर होतं — पण लाज आडवी आली.

"छान झालं," म्हणत त्याने स्टूल भिंतीशी सरकवलं आणि तो गेला.

नंतर नुसते फोटो येत, स्लाइड्स जात. आज बोलू, उद्या बोलू करत तिनेही पाच महिने घालवले.

मग एक दिवस तो निरोप घ्यायला आला. दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती.

"एक कबूल करायचंय," तो दाराशीच थांबून म्हणाला. "स्लाइड्स मला येतात. कॉलेजात वर्गभराच्या मीच करायचो. टिपणं मी मुद्दाम विस्कटून आणायचो."

"मग सांगितलंत का नाही?"

"तुम्ही ते सॉफ्टवेअर केलंत… वाटलं, मला कंटाळलात."

"तो तास मी आपल्या दोघांसाठी वाचवला होता," ती कसंबसं म्हणाली.

मागच्याच महिन्यात त्याचं लग्न ठरलं होतं. हळू आवाजात त्याने तेही सांगितलं. मुलगी चांगली आहे, तिला दुखवणं जमणार नाही, म्हणाला.

"दुखवूही नका," ती म्हणाली.

फाटकापर्यंत ती त्याच्याबरोबर चालत गेली. भुरभुर पाऊस होता, छत्री कुणाकडेच नव्हती, तरी दोघांपैकी कुणीच भराभर चाललं नाही.