पंधरा तारखेचं स्तोत्र

"कपाट उघडं आहे आणि वही नाही," रोलँड वेब वस्त्रघराच्या दारातून म्हणाला. मग तेच वाक्य त्याने पुन्हा म्हटलं.

मिस विनिफ्रेड टॅरंट यांनी हातातला कप खाली ठेवला. ऑल्डमिन्स्टर कॅथीड्रलच्या गायकांचे पांढरे झगे धुणं, फाटले तर सांधणं आणि सायंप्रार्थनेनंतर सगळ्यांना चहा पाजणं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. त्यामुळे कोणाची कॉलर लवकर मळते हे त्यांना ठाऊक होतं, आणि कोण कोणावर जळतं हेही.

तसं ते ओळखणं काही अवघड नव्हतं. कॅथीड्रलच्या आवारात राहणारी माणसं शेजाऱ्यावर प्रेम करायची शिकवण दिवसातून दोनदा ऐकत, आणि मधल्या वेळात त्याच शेजाऱ्याच्या खिडकीवर डोळा ठेवून बसत.

वेब हा नवा ऑर्गनिस्ट. त्याला येऊन वर्षही झालं नव्हतं. रविवारी संत लूकचा सण होता आणि त्यासाठी त्याने उन्हाळाभर खपून एक स्तुतिगीत रचलं होतं. ती एकच वही, आणि गायकांच्या प्रती त्याच गठ्ठ्यात. प्रार्थनेला जाण्याआधी त्याने गठ्ठा कॅथीड्रलबाहेरच्या गानशाळेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. किल्ली दारामागच्या खिळ्यावर असते हे अख्ख्या आवाराला माहीत होतं, त्यामुळे चोराला कुलूप फोडायचेही कष्ट पडले नव्हते.

तो गुरुवार होता, ऑक्टोबरची पंधरा तारीख. एकूण दिवसाचीच घडी विस्कटलेली. सर्दीने चार पुरुष गायक अंथरुणाला खिळलेले, म्हणून वेबने ऐन निघताना स्तोत्र छत्तिसाव्या वचनावर थांबवायचं ठरवलं. प्रार्थना सात-आठ मिनिटं आधी सुटली, मंडळी चहा मागत आत आली, तर किटली अजून थंडच. मिस टॅरंटना त्यावरून टोमणे ऐकावे लागले, आणि टोमणे संपतात तोच वेब दारात उभा राहिला.

संशय लगेच एका माणसावर गेला. गाइल्स हॉब्डे. ऑल्टो, म्हणजे पुरुष असूनही वरच्या नाजूक पट्टीत गाणारा. वीस वर्षं तो या गायकवृंदात होता. नव्या गीतातला एकट्याने गायचा भाग आपल्यालाच मिळणार असं तो धरून चालला होता, आणि वेबने तो दिला गेल्या वर्षी आलेल्या चोवीस वर्षांच्या पोराला. मंगळवारी सगळ्यांसमोर हॉब्डे म्हणाला होता, की ते गाणं चुलीत गेलं तरी मला काही वाटायचं नाही. आणि गुरुवारी स्तोत्र चालू असताना तो खोकत बाहेर गेला, तो थेट शेवटच्या प्रार्थनेला परतला.

कॅथीड्रलचे प्रमुख, म्हणजे डीन, त्या संध्याकाळी लंडनला होते. शुक्रवारी सकाळी परतल्यावर त्यांनी हॉब्डेला बोलावलं. तो म्हणाला, की मी दक्षिणेच्या भिंतीबाहेर, यू झाडाखालच्या बाकावर बसून खोकत होतो. कोणी पाहिलं का? कोणी नाही.

इथेच त्याचं नशीब फिरलं, कारण तो बाक अँब्रोज टुली यांचा होता.

टुली म्हणजे वेबच्या आधीचे ऑर्गनिस्ट. अडतीस वर्षं त्यांनी तो ऑर्गन वाजवला, आणि निवृत्तीच्या दिवशी जाहीर केलं की आता या दारातून मी पाऊल आत टाकणार नाही. शब्द त्यांनी पाळला. फक्त रोज संध्याकाळी साडेपाचला गळ्यात मफलर गुंडाळून ते यूखालच्या बाकावर येऊन बसत. वरच्या खिडकीची एक काच फुटकी होती, तिच्यातून आतला प्रत्येक स्वर बाहेर येई. दुसऱ्या दिवशी जो भेटेल त्याला ते वेबच्या चुका मोजून दाखवत. खिशात लाल पेन्सिल अजूनही असायची. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही कागद त्या पेन्सिलीतून सुटला नव्हता.

डीननी विचारल्यावर टुली म्हणाले, की पहिल्या घंटेपासून शेवटपर्यंत मी बाकावरच होतो. हॉब्डे? छे, तिकडे कोणीही फिरकलं नाही.

अडतीस वर्षं सेवा केलेल्या माणसाचा शब्द. डीननी हॉब्डेला शनिवारी दुपारपर्यंत राजीनामा द्यायला सांगितलं. नोकरी गेली की आवारातलं घरही जाणार होतं. त्या घरात बायको डोरा होती आणि तीन मुलं.

शुक्रवारी दुपारी हॉब्डे आपला झगा घडी करून वस्त्रघरात आला.

"घ्या टॅरंटबाई. धुवायचा राहिलाय."

"बस आधी. मला खरं सांग, तू घेतलीस वही?"

"नाही."

"घ्यावीशी वाटली होती?"

"हो. रोज वाटायची. पण घेतली नाही."

"बाकावर कोणी होतं?"

"कोणी असतं तर मी बसलो असतो का? टुलीसाहेब दिसले असते तर तसाच मागे फिरलो असतो. त्यांनी माझ्या खोकल्यातही बेसूर काढला असता."

मिस टॅरंट हसल्या नाहीत. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. वीस वर्षं त्या हॉब्डेचं कुरकुरणं ऐकत आल्या होत्या. त्याचा मत्सर तोंडावाटे बाहेर पडून जायचा, आत साठून राहत नसे. टुलींचं मात्र तसं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्या टुलींकडे गेल्या. हातात त्यांचा उसवलेला दुसरा मफलर होता, शिवून आणलेला. टुलींनी चहा ओतला. पियानो उघडा होता. त्यावर लाल पेन्सिल होती, नुकतीच तासलेली, आणि बशीत लाकडाचे ताजे सोललेले तुकडे. समोर मात्र एकही कागद नव्हता.

"काल कसं झालं हो?" मिस टॅरंटनी सहज विचारलं. "आम्हाला आत काही कळत नाही."

"काय व्हायचंय? ऑर्गन इतका मोठा, की पोरांचे आवाज बुडाले."

"आणि स्तोत्र?"

"पंधरा तारखेचं स्तोत्र ते. त्र्याहत्तर वचनं. माझ्या वेळी दर वचनाच्या मध्यावर श्वास असायचा. याने चाबूक मारल्यासारखी हाकलली."

"शेवटपर्यंत तसंच?"

"शेवटी तर काही विचारूच नका. बहात्तर आणि त्र्याहत्तर एकमेकांच्या अंगावर पडली."

मिस टॅरंटनी बिस्किट संपवलं, कप विसळून ठेवला आणि तिथून त्या थेट डीनच्या घरी गेल्या. वाटेत त्यांना टुलींची दया आली, आणि मग डोराची तीन मुलं आठवून रागही आला.

शनिवारी सकाळी दहाला डीनच्या खोलीत चार जणांना बोलावणं होतं. वेब, हॉब्डे, टुली आणि त्या स्वतः.

"मिस टॅरंटना काही सांगायचं आहे," डीन म्हणाले.

त्यांनी आधी टुलींकडेच पाहिलं. "मिस्टर टुली, काल तुम्ही मला जे सांगितलंत, ते पुन्हा सांगाल? गुरुवारचं स्तोत्र कुठपर्यंत गायलं?"

"कुठपर्यंत म्हणजे? शेवटपर्यंत. त्र्याहत्तर."

वेबने मान वर केली. हॉब्डेचं तोंड उघडं राहिलं.

"छत्तीस," मिस टॅरंट म्हणाल्या. "माणसं आजारी होती, म्हणून मिस्टर वेबनी अर्ध्यावर थांबवलं. निघता निघता ठरलं, त्यामुळे आत असलेल्यांखेरीज कोणाला कळलं नाही. माझी किटलीसुद्धा तापली नव्हती."

टुलींचा हात मफलरकडे गेला.

"स्तोत्रं महिन्याच्या तारखांवर वाटलेली आहेत. पंधराच्या संध्याकाळी त्र्याहत्तर वचनं येतात, हे परक्या माणसाला माहीत नसतं. त्याला खोटं बोलायचं असतं तर तो म्हणाला असता, लक्ष नव्हतं, आठवत नाही. पण तुम्हाला न ऐकताही ठाऊक होतं काय गायलं जाणार. अडतीस वर्षांत तुम्ही त्यातलं एक वचन गाळलं नाहीत. कोणी गाळेल, हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही."

"तेवढ्यावरून..." टुली म्हणाले.

"तेवढ्यावरून नाही. तुम्ही बाकावर असता, तर स्तोत्र अर्ध्यावर तुटलेलं ऐकून काय केलं असतंत? दार ठोठावलं असतंत. निदान शुक्रवारी सकाळी बेकरीपासून पोस्टापर्यंत प्रत्येकाला सांगितलं असतंत. या वर्षातली मिस्टर वेबची सगळ्यात मोठी चूक, आणि तुम्ही तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. जी झालीच नाही त्या घाईबद्दल मात्र बोललात. बाक रिकामा होता, म्हणून गाइल्स तिथे बसला. आणि सगळे आत आहेत हे पाहून तुम्ही गानशाळेत गेलात. काल तुमच्या पियानोवर लाल पेन्सिल होती, नुकतीच तासलेली, मिस्टर टुली. कशासाठी?"

बाहेर सकाळच्या सरावाचे सूर चालू होते.

"घरी, पियानोच्या बाकात आहे," टुली म्हणाले. "झाकण उचललं की वरच."

वेब जवळजवळ धावतच गेला. तो येईपर्यंत टुली जमिनीकडे पाहत बोलत राहिले. ते गीत वाईट असणार याची मला खात्री होती, ते म्हणाले. रात्रीत सगळ्या चुका काढायच्या आणि सकाळी वही डीनच्या टेबलावर ठेवायची, लाल केलेली, एवढंच ठरवलं होतं. परत ठेवली नाही, कारण लाल करण्यासारखं काही सापडेना.

"आणि गाइल्स?" मिस टॅरंटचा आवाज चढला. "त्याची पोरं रस्त्यावर येत होती."

"तो तिथे बसला होता हे मला माहीत नव्हतं. मी रोजचंच बोललो, बाकावर होतो म्हणून. नंतर कळलं, तेव्हा माघार घ्यायचा धीर झाला नाही." ते पहिल्यांदा हॉब्डेकडे वळले. "हे माझ्या हातून फार वाईट झालं."

डीननी हॉब्डेने सकाळीच आणून दिलेला राजीनामा टेबलावरून उचलून फाडला. टुलींना त्यांनी सांगितलं, की आज दुपारी तुम्ही डोराच्या दारात जाऊन हे सगळं तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं. टुलींनी मान हलवली.

वेब गठ्ठा घेऊन परतला होता. तो उभ्या उभ्याच पानं उलटत होता. पहिल्या आठ पानांवर एकही लाल खूण नव्हती. नवव्या पानावर, टेनर म्हणजे पुरुषांच्या चढ्या आवाजाच्या ओळीत, एक बारीकशी लाल खूण.

"तिथे तुझा कोमल स्वर लिहायचा राहिलाय," टुली म्हणाले. "नाहीतर रविवारी गोंधळ झाला असता."

"तुम्ही सगळं वाचलंत?"

"तीनदा."

"मग?"

टुलींनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"ठीक आहे," ते म्हणाले.

मिस टॅरंट दचकल्या. बावीस वर्षांत त्यांनी टुलींच्या तोंडून हे कोणाबद्दलही ऐकलं नव्हतं. वेबला ते कळलं नाही. त्याला वाटलं, आपलं काम कसंबसं पास झालं, आणि त्याचा चेहरा पडला.

कळलं ते हॉब्डेला. त्याचं घर वाचलं होतं, नाव वाचलं होतं. दाराकडे निघालेला तो तिथेच थांबला आणि त्याचे डोळे भरून आले.

"एकोणीस वर्षं गायलो मी तुमच्या हाताखाली, टुलीसाहेब," तो म्हणाला. "मला एकदा तरी म्हणायचं होतंत."