फांदीआडची पाटी

"विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. एक शब्दही जास्त नाही," वकीलसाहेब म्हणाले होते.

सगळं घडलं ते माझ्या नेमापायी. उजाडता-उजाडता प्रार्थनाघरात दिवा लावायचा, त्याआधी पाण्याचा घोटही नाही, आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही. त्या पहाटे उशीर झाला, म्हणून आडगल्लीत स्कूटर घातली... आणि शिट्टी वाजली! 'प्रवेश बंद'ची पाटी झाडाच्या फांदीआड दडलेली. माझं तिसरं चलन. आधीची दोन, लाजून सांगते, वेगाची. आता लायसन्स जाणार, आणि त्याच्यापाठोपाठ घरोघर औषधं पोचवायची माझी नोकरीही.

मावशीनं मला कोर्टासमोर, वकीलसाहेबांच्या एका खोलीच्या कचेरीत नेलं.

"पाटी दिसली होती?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"घाई होती?"

"होती. पण कोर्टात विचारलं, तर तेही सांगीन हं."

ते हसले. "बाकीची अशिलं खोटं बोलून रडवतात. तुम्ही खरं बोलून रडवणार!"

पाटी किती अंतरावरून दिसते ते मोजायला तीन सकाळी ते टेप घेऊन गल्लीत आले. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. फोटोसाठी त्यांनी फांदी बाजूला केली, आणि पानांवरचं दव माझ्या मनगटावर सांडलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला... अन् तसाच परत ठेवला. ते मनगट मी दिवसभर पुसलं नाही.

चलन रद्द झालं. फांदीही छाटली गेली. तरी मी दिवा लावून पायी त्याच गल्लीनं परतायची, आणि तेही नेमके तिथेच भेटायचे.

"खटला संपला ना गं?" मावशी म्हणायची. "मग हे वकील अजून काय मोजतायत?"

एका सकाळी ते म्हणाले, "मला मोठ्या शहरातल्या कोर्टात काम मिळालंय. उद्या निघतोय." मग पाटीकडे बघत, हळूच – "तुम्हाला काही... विचारायचंय?"

विचारायचं काहीच नव्हतं. सांगायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. म्हणूनच तर इतकं सलत राहिलं.

"बरं. ही फांदी वाढून पाटी पुन्हा झाकली, तर कळवाल मला?"

"कळवीन."

सात महिने झाले. दिवा लावायचा आणि फांदी बघायची, हा नवा नेमच लागला. मध्ये एकदा नगरपालिकेचा माणूस कोयता घेऊन आला, तर मीच म्हटलं, "दादा, पाटी दिसतेय की अजून!" दिसत होती, खरंच. अर्धी.

आज सकाळी ती अजिबात दिसेना.

"अगं, मग फोन कर की," मावशी म्हणाली.

"कळवीन म्हटलंय, मावशी. फोन करीन असं कुठं म्हटलंय?"

"वकिलाची संगत लागली हो तुला!" ती म्हणाली, आणि माझ्या हेल्मेटचा पट्टा तिनेच लावून दिला.

आधी नगरपालिकेत फांदीची तक्रार लिहून दिली. त्या फांदीचं एक पान रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं. मग स्कूटर त्यांच्या शहराकडे वळवली – आडगल्ली टाळून, लांबच्या रस्त्यानं, अगदी सावकाश. जे सांगायचं होतं ते मनात पुन्हा-पुन्हा म्हणत होते, कुणी विचारलं नाही तरी सांगता यावं म्हणून.