एक टण म्हणजे हो

चाळीस वर्षं लोकांची थट्टा करून मी पोट भरलं. त्यामुळे 'खरं सांगतोय' म्हटलं की लोक आधीच हसायला लागतात.

हसा. पण हे घडलंय. रविवारी, साडेचारच्या प्रयोगाआधी, थिएटरच्या दोन नंबरच्या मेकअप रूममध्ये.

माझी ताई संगीत नाटकात नायिका असायची. रंगमंचावर आली की पहिल्या सुराआधी तीन श्वास नुसती उभी राहायची. तेवढ्यात शेवटच्या रांगेतला खोकलासुद्धा थांबायचा.

प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून तिचं मौन. स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायची. एक टण म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. भाऊजी म्हणायचे, आठवड्यातून चार प्रयोग लागायला हवेत.

एकदा तिचा घसा सुजला. डॉक्टरांनी बजावलं, प्रयोग सुरू होईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. मी मात्र मंडळींशी पैज लावली, हिला बोलती करतो.

त्याच डॉक्टरांची नक्कल केली. ताई खो खो हसली. हसता हसता खोकत सुटली.

त्या दिवशी दुसऱ्या अंकात तिचा आवाज गेला.

परत आलाच नाही. पुढची अकरा वर्षं ती कुजबुजत बोलली. मला कधी बोल लावला नाही. आणि मीही कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी ती गेली.

त्या रविवारी तिच्याच भूमिकेत तिची मुलगी उभी राहणार होती. पहिलाच प्रयोग, आणि घसा बसलेला. तेच मौन, तोच पेला, तोच चमचा. मामाला पहाऱ्यावर बसवलेलं. अट एकच, विनोद करायचा नाही.

भाची डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घेत होती. मी थर्मास भरून आणायला गेलो. परत आलो, तर टॉवेलखाली तशीच बसलेली.

"कोमट पाणी देऊ?"

टण.

"भीती वाटतेय?"

टण. टण.

"आईची आठवण येते का गं?"

उत्तर आलं नाही...

मागे दार वाजलं. दारात भाची उभी. पूर्ण वेशात. रंगमंचावर आपली जागा बघून आली होती. भुवया उडवून खुणेनं विचारत होती, कुणाशी बोलतोयस?

मी वळलो.

टॉवेल खुर्चीवर सपाट पडला होता. पेला मात्र अजून बारीक थरथरत होता...

तिला काही सांगितलं नाही. घाबरलं की गळा आवळतो, हे ताईनंच शिकवलेलं. म्हटलं, म्हातारपण आहे, चालायचंच.

दुसरी घंटा झाली. ती गेली.

खोलीत मी एकटा. टॉवेलला हात लावला. उबदार होता.

"ताई... त्या दिवसाचं माफ केलंस का मला?"

पेल्याकडे बघत उभा राहिलो.

मग...

टण.

आणि तेवढ्यात तिसरी घंटा सुरू झाली. लांबलचक, कान किटवणारी. ती थांबली तेव्हा खोलीत कसलाच आवाज नव्हता.

मी विंगेत धावलो. भाची प्रकाशात येऊन उभी राहिली. एक श्वास. दोन. तीन. तालमीत ती इतकी कधीच थांबली नव्हती. मग गायली. स्वच्छ, अगदी शेवटपर्यंत.

प्रयोगानंतर तिला त्याबद्दल विचारलं.

"मी कुठे थांबले, मामा? आल्या आल्या सुरू केलं की."

आता घरात कुणी पेल्यात साखर ढवळत असलं, तरी मी हातातलं काम सोडून कान देतो.

एक टण ऐकू येतो. आणि मी दुसऱ्याची वाट बघत बसतो...