समासातलं बाबांचं अक्षर

कुलूप काढायला जावं तर वाचनालयाचं दार सताड उघडं! आत एक अनोळखी तरुण जुन्या मासिकांचा जाडजूड खंड उघडून बसला होता आणि खोडरबराने पानं पुसत होता… अगदी मन लावून.

ग्रंथपालबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो निघाला समितीने पाठवलेला स्कॅनरवाला. जुने अंक स्क्रीनवर आणायचे होते, पेन्सिलीच्या खुणा स्कॅनमध्ये घाण दिसतात, म्हणून भल्या सकाळी येऊन पठ्ठ्याने वर्षाचे बाराही अंक ‘स्वच्छ’ केले होते. विचारायचं तरी एका शब्दानं! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

त्या खुणा तिच्या बाबांच्या होत्या. मासिकात रहस्यकथा क्रमशः यायची आणि खुनी कोण, ते बाबा दर महिन्याला समासात लिहून ठेवायचे. बाबा गेले, अक्षर तेवढं मागे राहिलं होतं. मैत्रिणी म्हणायच्या, मोबाइलवर वाच की! आता या बयांना काय समजावणार, कप्पाळ?

त्याने माफी मागितली. माफी काय चाटायची होती? ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

स्कॅनिंग संपलं तरी तो यायचा, खिडकीशी पान तिरकं धरून बसायचा. शेवटी न राहवून ती तरातरा गेली, आणि पाहते तर काय! खोडलेल्या अक्षरांचे वळ कागदावर उरले होते. उजेड तिरपा पडला की दिसायचे, आणि हा त्यांवरून एकेक अक्षर पेन्सिलीने गिरवत होता. सात अंक झाले होते.

तिचे डोळे भरून आले. डोळे भरल्याचाही तिला रागच आला.

“हा एवढा शब्द लागत नाही,” तो चाचरत म्हणाला.

ती वाकली. त्याचा खांदा फारच जवळ होता. “माळी. बाबांना कायम माळ्याचाच संशय. एकदाही खरा ठरला नाही.”

तो हसला. चुकून तीही हसली.

“आमच्या मशीनला हे वळ दिसलेच नसते,” तो म्हणाला. मग खाली बघत — “दिवसाला एक अंक सहज होतो. मी… मुद्दाम रेंगाळतोय. हे संपलं की इथे यायला निमित्त उरणार नाही. तुम्ही मला आवडता.”

काय माणूस आहे! बाबांचं अक्षर ओलीस ठेवून प्रेम सांगतोय!

“उरलेले पाचही अंक याच आठवड्यात संपवा,” ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला.

“आणि मग,” तिने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी लावली, “निमित्ताशिवाय या.”